गाईचं विणं आणि वळूची निवड



ज्या पशुवैद्यकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सारं आयुष्य कृष्णा-वारणेच्या काठावरच्या गोठ्यांत गेलं. त्यांच्या आठवणी आधीच्या वक्त्यांनी इथं भरभरून सांगितल्या आहेत, त्या मी पुन्हा सांगत नाही. त्यांची एक सवय मात्र मला विषयाकडे घेऊन जाते. अडलेली गाय मोकळी केली की हात धुता धुता ते मालकाला विचारत, ‘कुठला वळू भरला होता?’ बहुतेकांना सांगता येत नसे. आजही येत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाय विताना अडणार की मोकळी होणार, यातला काही भाग नऊ महिने आधी, रेतन झालं त्या दिवशीच ठरून गेलेला असतो. खुराक, गोठा, डॉक्टर यांवर आपण पुढचे नऊ महिने खर्च करतो. त्या एका दिवशी मात्र वळू निवडतो तो फक्त त्याच्या आईच्या दुधावर. त्या वळूची वासरं सुखरूप जन्मतात की गाईंना अडवतात, हा आकडा रेतन करून घेणाऱ्या शेतकऱ्यापुढे कोणी ठेवत नाही. तो ठेवला गेला पाहिजे, आणि सांगली-साताऱ्यात तो ठेवता येण्यासारखा आहे.

पुस्तकात कष्टप्रसूती म्हणतात आणि गोठ्यात ‘गाय अडली’ म्हणतात, ती गोष्ट बहुतेक वेळा पहिलारू कालवडीच्या वाट्याला येते. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गाईचा मार्ग मोकळा झालेला असतो. कालवड अजून वाढत असते, तिच्या कमरेचं हाड पुरतं भरलेलं नसतं, आणि पोटातलं वासरू तिच्या वयाकडे बघून वाढत नाही. वाळवा तालुक्यातल्या एका मळ्यावर पाहिलेली एक कालवड मी विसरू शकलो नाही. होल्स्टीन संकरित, देखणी, घरच्याच गाईच्या पोटची. पाणमोट संध्याकाळी फुटली होती. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी दोर लावून बरंच ओढलं होतं. मी पोचलो तेव्हा वासराची जीभ निळी पडून बाहेर आली होती आणि डोकं कमरेच्या हाडात घट्ट बसलं होतं. वासरू गेलंच. कालवड वाचली, पण तिच्या मागल्या पायांची ताकद गेली, जार अडकली, आणि पुढे ती कधी वेळेवर माजावर आली नाही. त्या घरातल्या वहिनींनी दोन वर्षं तिला वैरण घातली होती, पाणी पाजलं होतं. एका रात्रीत गाय निकामी झाली, वासरू गेलं, दूध गेलं. दुधाच्या हिशेबात हे नुकसान कुठंच लिहिलं जात नाही.

आता यात आनुवंशिकता कुठं येते ते पाहू. सुलभ विण्याचं एकच एक जनुक नसतं. शिवाय यात दोन जीव गुंतलेले असतात आणि दोघांची जनुकं वेगवेगळी असतात. वासरू किती मोठं, किती लांब, खांद्याला किती रुंद, आणि किती दिवस पोटात राहणार, हे वासराच्या स्वतःच्या जनुकांवर अवलंबून असतं. त्यातली अर्धी वळूकडून आलेली असतात. याला प्रत्यक्ष परिणाम म्हणतात. कमरेचं हाड किती रुंद, सांधे वेळेवर ढिले पडतात का, कळा किती जोरकस येतात, हे गाईच्या जनुकांवर ठरतं. तो मातृपरिणाम. म्हणजे एकाच वळूचा दोनदा विचार करावा लागतो. एकदा वासराचा बाप म्हणून, आणि तीन वर्षांनी त्याची मुलगी विते तेव्हा तिचा बाप म्हणून.

ही दोन्ही नेहमी एका दिशेनं जात नाहीत. बऱ्याच अभ्यासांत या दोन परिणामांत थोडं उलटं नातं दिसलं आहे. एखाद्या वळूची वासरं बारीक अंगाची म्हणून सहज जन्मतात, पण त्यातल्या कालवडी मोठेपणीही बारीक बांध्याच्या, अरुंद कमरेच्या राहिल्या तर त्याच पुढे स्वतः अडतात. केवळ ‘लहान वासरू देणारा वळू’ एवढंच पाहत पिढ्यानपिढ्या गेलं तर आज सुटलेली गाठ नातीच्या वेळी पुन्हा बसते. परदेशातल्या वळूंच्या यादीत म्हणूनच दोन आकडे वेगळे छापतात, वळूच्या वासरांचा वेगळा आणि वळूच्या मुलींचा वेगळा.

विण्याची तारीख कोण ठरवतं? आपण समजतो गाय. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर जे प्रयोग केले, त्यातून दिसलं की सुरुवात पोटातलं पिल्लू करतं. त्याच्या मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पक्व झाल्या की त्यांच्या संप्रेरकांनी आईच्या गर्भाशयाला इशारा जातो. पिल्लाची पिट्यूटरी ग्रंथी निकामी केली तर मेंढीचे दिवस उलटून जातात आणि ती वितच नाही. गुर्न्सी गाईंत असा एक आनुवंशिक दोषही सापडला होता, ज्यात वासराची ही ग्रंथी धड तयारच होत नाही आणि गाभणकाळ लांबतच जातो. होल्स्टीन गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा, आपल्या देशी गाईंचा त्याहून काही दिवसांनी जास्त. शेवटच्या दिवसांत वासरू रोज सुमारे अर्धा किलो भरतं. ज्या वळूची वासरं पाच दिवस जास्त मुक्काम करतात, त्यांचं वजन दोन-अडीच किलोंनी वाढलेलं असतं, आणि अरुंद कमरेच्या कालवडीला तेवढं पुरतं.

आईकडेही लगाम असतो. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी घोड्यांवर एक प्रयोग केला. शायर हा अवजड, गाडी ओढणारा घोडा. शेटलंड हा पोरांच्या उंचीचा तट्टू. कृत्रिम रेतनानं त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केला. शिंगरांची जनुकं दोन्हीकडे मिसळलेलीच होती, तरी शायर घोडीच्या पोटी जन्मलेलं शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा जवळजवळ तिप्पट वजनाचं निघालं. लहान आईनं बाळाला आपल्या मापात ठेवलं होतं. पशुप्रजननशास्त्रात इतका बोलका प्रयोग दुसरा क्वचितच असेल.

गाईंच्या बाबतीत या लगामाची गोष्ट थेट आपल्या नदीपर्यंत येते. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काळ्या जमिनीत नांगर ओढायला दणकट बैल हवेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, कांकरेज, ओंगोल आणि इथल्या स्थानिक गुरांच्या संकरातून ‘कृष्णा व्हॅली’ नावाची जात घडवली. आज ती फार थोडी उरली आहे. पण अमेरिकेत गेलेल्या ज्या भारतीय गुरांपासून तिथली ब्राह्मण जात तयार झाली, त्यांत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा व्हॅलीचंही रक्त होतं. सांगलीकरांनी ही गोष्ट अभिमानानं लक्षात ठेवावी अशी आहे.

तर टेक्सासमध्ये या ब्राह्मण गुरांवर बरंच काम झालं. ब्राह्मण वळू आणि हेरफर्डसारखी युरोपीय वंशाची गाय असा मेळ घातला की वासरू अपेक्षेपेक्षा बरंच जड जन्मतं, त्यातही नर वासरू फारच, आणि गाई अडतात. मेळ उलटा केला, म्हणजे आई ब्राह्मण आणि बाप युरोपीय, तर वासरू हलकं आणि विणं सोपं. दोन्ही वासरांत अर्धं-अर्धंच रक्त. फरक इतकाच की कोणतं रक्त बापाकडून आलं आणि कोणतं आईकडून. काही जनुकं अशी असतात की त्यांची बापाकडून आलेली प्रतच काम करते. वाढीला जोर देणारं आयजीएफ-२ हे त्यातलं एक प्रसिद्ध जनुक. शिवाय देशी गाईचं गर्भाशय वासराची वाढ आवरून धरतं. युरोपीय गाईचं तितकं आवरत नाही.

मी हे मुद्दाम विस्तारानं सांगतो आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गीरच्या दुधाला, गीरच्या तुपाला मान आला. तो योग्यच आहे. पण त्याबरोबर होल्स्टीन संकरित कालवडीला गीर वळूच्या वीर्याची कांडी भरण्याची हौसही वाढली. लोक म्हणतात, देशी वळू आहे, वासरू लहानच होणार. हा समज धोक्याचा आहे. देशी गाईला देशी वळू भरला तर वासरू लहान होतं, कारण लगाम धरणारी आई देशी असते. टेक्सासचा अनुभव मांसासाठी पाळलेल्या जातींचा आहे आणि आपल्या संकरित गाईंत देशी रक्त आधीच आहे. तेव्हा परिणाम तितकाच तीव्र होईल असं मी म्हणत नाही. तरीही होल्स्टीनचं रक्त जास्त असलेल्या कालवडीच्या पहिल्या वेताला गीर वळू भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेताला खुशाल भरा.

याच न्यायानं १९७० च्या दशकात एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडली. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बायफ’ची स्थापना केली आणि गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारात पोचवलं. तेव्हा विदेशी वळूंचं वीर्य भरलं गेलं ते देशी आणि गावठी गाईंना. होल्स्टीनचं वासरू जातीनं चाळीस किलोंच्या आसपासचं, आणि या गाईंची स्वतःची वासरं वीस-पंचवीस किलोंची. तरी पहिल्या पिढीत गाई सर्रास अडल्या असं झालं नाही. त्या गाईंनी वासराला आवरून धरलं. अडचण पुढच्या पिढ्यांत येते. मुलीला पुन्हा होल्स्टीन, नातीला पुन्हा होल्स्टीन, असं करत गेलं की रक्त पंचाहत्तर, ऐंशी टक्क्यांच्या पुढे जातं. आईचा लगाम सैल होतो, वासरू वाढतं, आणि कालवडीची वाढ मात्र आपल्या वैरणीवर, आपल्या उन्हाळ्यात होते. २०१९ च्या पशुगणनेत देशात विदेशी आणि संकरित गोवंश पाच कोटींच्या वर होता. त्यातल्या कितीतरी गाई आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आहेत. म्हणून हा प्रश्न आजचा आहे.

खिलारीकडे एकदा नीट बघा. आटपाडी, जत, म्हसवडच्या माणदेशात ही गाय रानात एकटी विते, सकाळी वासरू शेजारी उभं असतं. खरसुंडीच्या यात्रेत बैलांची छाती, शिंगं, चाल सगळे बघतात. गाईच्या पुठ्ठ्याचा उतार कोणी बघत नाही. माकडहाडाकडे उतरत जाणारा तो पुठ्ठा वासराला बाहेर पडायला वाट करून देतो. युरोपातल्या प्रदर्शनांत मात्र अनेक वर्षं सपाट, टेबलासारख्या पुठ्ठ्याच्या गाईला बक्षीस मिळत गेलं, आणि मागची हाडं उंच असलेल्या गाई विताना जास्त अडतात हे नंतर मोजून कळलं. माणदेशात दुष्काळात, डॉक्टर नसताना, जी गाय अडली ती वासरासकट गेली. तिची जनुकं पुढे गेली नाहीत. शेकडो वर्षं हे होत आलं तेव्हा कुठं आजची सहज विणारी खिलार उरली. जिथं माणूस साखळ्या लावून वासरू ओढतो, शस्त्रक्रिया करतो, तिथं ती अडणारी जनुकंही वाचतात. बेल्जियन ब्लू ही जात याचं टोक आहे. तिच्या दुसऱ्या गुणसूत्रावरचं मायोस्टॅटिन नावाचं जनुक मोडलेलं आहे, हे १९९७ साली कळलं. हे जनुक स्नायूंची वाढ थांबवतं; तेच मोडल्यामुळे दुहेरी मांसाची वासरं जन्मतात आणि त्या गाईंची बहुतेक बाळंतपणं पोट फाडूनच करावी लागतात. मांसासाठी माणसानं तो व्यवहार पत्करला. आपल्याला असला कुठलाही व्यवहार पत्करण्याचं कारण नाही.

बेल्जियन ब्लूसारखं एकच जनुक सगळं ठरवतं अशी उदाहरणं विरळ. असं एक उदाहरण आपल्या शेजारी, फलटणला आहे, आणि ते सुखाचं आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी कोकरं देणारं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. १७९० च्या दशकात कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर हेच जनुक तिकडे पोचलं आणि ‘बुरूला’ नावानं जगभर गाजलं. २००१ साली त्याचा नेमका पत्ता लागला, आणि मग रक्ताच्या चाचणीवरून कोणत्या मेंढ्याकडे ते आहे हे सांगता येऊ लागलं. ‘नारी सुवर्णा’ मेंढी या कामातून उभी राहिली. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केलं ते प्रयोगशाळेत बसून नव्हे. धनगरांच्या कळपांत जाऊन कोणती मेंढी कधी व्याली, किती कोकरं झाली, किती जगली, याच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवून केलं. माझ्या दृष्टीनं त्या कामाचं मोठेपण जनुकापेक्षा या नोंदवह्यांत जास्त आहे.

गाईच्या सुलभ विण्यात असं एक ठळक जनुक मिळत नाही. होल्स्टीनमध्ये अठराव्या गुणसूत्रावर एक भाग सापडला आहे, ज्याचा विण्याशी आणि शरीराच्या ठेवणीशी संबंध दिसतो. बाकी शेकडो लहान-लहान जनुकांचा हातभार. या गुणाची अनुवंशक्षमताही कमी, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली. म्हणजे एका गाईचं एक बाळंतपण अवघड गेलं तर त्यातला फार थोडा भाग जनुकांचा. उरलेला खुराकाचा, वयाचा, वासरू कसं आडवं आलं त्याचा, आणि नशिबाचा. हे ऐकून काही जण म्हणतात, मग वळू बघून उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. एका बाळंतपणावरून वळूबद्दल काही कळत नाही हे खरं. पण एकाच वळूच्या कांड्या हजारो गाईंना भरल्या जातात. हजार बाळंतपणांची नोंद एकत्र केली की खुराकाचे, गोठ्याचे, नशिबाचे फरक एकमेकांना छेद देऊन जातात आणि वळूचा स्वतःचा वाटा उघडा पडतो. एका वळूच्या वासरांपायी शंभरातल्या दोन-तीन कालवडी अडतात, दुसऱ्याच्या दहा-बारा, असा फरक दिसायला लागतो. हा फरक घडवायला शेतकऱ्याला एक रुपयाही जास्त लागत नाही. कांडी तेवढ्याच किमतीची, वळू मात्र दुसरा.

नॉर्वेनं १९७० च्या दशकातच आपल्या लाल गाईंच्या निवडीत दुधाबरोबर विण्याचा त्रास आणि मेलेली वासरं यांचा हिशेब धरायला सुरुवात केली. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वळूंची या गुणासाठी तुलना सुरू झाली. पद्धत साधी आहे. गाय व्याली की मालक १ ते ५ मधला एक आकडा सांगतो. कोणाच्या मदतीशिवाय व्याली तर १. थोडा हात लावावा लागला तर २. मदत लागलीच तर ३. जोर लावून ओढावं लागलं तर ४. फारच अडली, शस्त्रक्रियेची वेळ आली, तर ५. एवढंच. याला यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही, शिकलेला माणूसही लागत नाही.

आपल्याकडे दुधाची नोंद किती बारकाईनं ठेवली जाते ते इथं कोणाला सांगायला नको. १९३९ साली भिलवडीत चितळ्यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला तेव्हापासून या जिल्ह्याला फॅट आणि मापाचा हिशेब पाठ आहे. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. इस्लामपूरचा राजारामबापूंच्या नावाचा संघ, पलीकडे वारणा, गोकुळ. प्रत्येक सभासदाच्या लिटराची पावती निघते. भिलवडीला तर चितळे आणि एबीएस ही परदेशी कंपनी यांच्या भागीदारीत वळूंचं वीर्यकेंद्र उभं राहिलं आणि लिंगनिवड केलेलं वीर्य, म्हणजे सॉर्टेड सीमेनही, तयार होऊ लागलं. साताऱ्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नाना येडेमच्छिंद्रचे, या जिल्ह्याचे. वासराच्या जन्माचं शास्त्र शिकवणारे, दूध गोळा करणारे, वीर्य तयार करणारे, सगळे याच टापूत आहेत. एवढा मेळ महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा सापडत नाही.

सॉर्टेड सीमेनचा उल्लेख आला म्हणून सांगतो. त्यातून सुमारे नव्वद टक्के कालवडी जन्मतात. आपण ते घेतो गाय वाढावी म्हणून. पण कालवड जन्मताना गोऱ्ह्यापेक्षा दोन-तीन किलोंनी हलकी असते, त्यामुळे पहिलारू गाईचं विणंही सोपं होतं. पहिल्या वेतासाठी हे एक चांगलं साधन आहे. ते परवडत नसेल तर जर्सी वळू. जर्सीचं वासरू पंचवीस किलोंच्या आसपासचं. राहुरीच्या विद्यापीठानं ‘फुले त्रिवेणी’ घडवताना होल्स्टीन निम्मं ठेवून गीर आणि जर्सी पाव-पाव घेतलं. जर्सीचा तो पाव भाग फॅटसाठी आहेच, बाळंतपणासाठीही बरा आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ यांचं लोकार्पण झालं. देशी आणि संकरित जनावरांच्या डीएनएवरच्या हजारो खुणा या चिपवर वाचता येतात. आनंदाची गोष्ट आहे. वळू पाड्याच्या वयात असतानाच तो कसा निघेल याचा अंदाज बांधता येईल. पण चिप स्वतःहून काही सांगत नाही. कोणत्या खुणा असलेल्या जनावरांच्या गाई सहज व्याल्या आणि कोणाच्या अडल्या, हे आधी हजारो गोठ्यांतून लिहून घ्यावं लागतं. मग संगणक त्या खुणांना अर्थ देतो. दुधाच्या बाबतीत तसं करता येईल, कारण दूध मोजलेलं आहे. विण्याच्या बाबतीत परदेशी होल्स्टीनचे आकडे उसने आणले तर ते त्यांच्या गाईंचे, त्यांच्या खुराकावरचे असतील. आपल्या संकरित कालवडीची कंबर, आपला चारा, आपला उन्हाळा त्यात नसेल.

चाऱ्याचा विषय निघालाच आहे तर तो टाळू नये. वळू कितीही चांगला असो, कालवड खंगलेली असेल तर ती अडणारच. ऊस तोडणी सुरू झाली की आपल्या भागात वैरण म्हणजे वाडं. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. कॅल्शियम कमी पडलं की गर्भाशयाला जोर राहत नाही, कळा येतात आणि विरतात. निव्वळ वाड्यावर वाढवलेली कालवड हाडांनीही लहान राहते. मोठ्या गाईच्या वजनाच्या साठ-पासष्ट टक्के भरल्याशिवाय कालवड भरवू नये. संकरित होल्स्टीनला अडीचशे किलो तरी हवेत. माज दिसला म्हणून बारा महिन्यांच्या कालवडीला रेतन करणारा सेवक दोषी आहेच, आणि त्याला बोलावणारा मालकही. उलट्या टोकाला, शेवटच्या महिन्यांत पेंड घालून चरबी चढवलेली कालवडही अडते, कारण चरबी वाटेत साठते.

म्हशीचा प्रश्न थोडा निराळा आहे. पंढरपुरी असो की मुऱ्हा, म्हैस अडते ती बऱ्याचदा गर्भाशयाला पीळ पडून. तिला लोळवून पीळ सोडवावा लागतो, आणि वेळ गेली तर म्हैस हातची जाते. तिथं वळूपेक्षा वेळेवर ओळखणं महत्त्वाचं. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावं.

आता मागणं काय आहे ते सांगतो. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे, आणि त्या नंबरावर रेतनाची, विण्याची नोंद ठेवणारी ‘भारत पशुधन’ ही यंत्रणा देशभर आहे. दूध संघांनी, वीर्यकेंद्रांनी आणि रेतन सेवकांनी एकत्र येऊन ठरवावं की वासराला बिल्ला मारताना मालकाला विण्याचा १ ते ५ मधला आकडा विचारायचा आणि वळूच्या नंबरासमोर लिहायचा. मेलेलं वासरूही लिहायचं. ते लपवलं तर सगळी नोंद खोटी ठरते. पहिल्या वेताच्या गाईंची नोंद वेगळी काढायची. पुरेशी बाळंतपणं जमली की संकलन केंद्राच्या फलकावर, दुधाच्या दराशेजारी, कोणता वळू कालवडीला चालेल आणि कोणता चालणार नाही हे लावायचं. वळूच्या मुली वितील तेव्हा दुसरा आकडाही तयार होईल.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या दारात गाय आहे, त्यांना एवढंच सांगणं. पुढच्या वेळी सेवक आला की कांडीवरचा वळूचा नंबर वहीत उतरवून घ्या. पहिलारू कालवड असेल तर या वळूची वासरं कालवडीला झेपतात का, हे स्पष्ट विचारा; तो सांगू शकला नाही तर संघाच्या सभेत विचारा. ज्या गोष्टीबद्दल सभासद विचारत नाहीत ती संघ मोजत नाही. सांगली जिल्ह्यातल्या संघांनी यंदाच्या वार्षिक सभेत हा एक ठराव करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.